उपनगरातला फोन आणि आमची नोंद

जुन्या लग्नपत्रिका आमच्यापैकी अनेकांच्या घरी अजून जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतली १९८०च्या दशकातली एखादी काढून पाहिली तर यजमानांच्या पत्त्याखाली एक फोन नंबर दिसतो आणि त्याच्यापुढे कंसात दोन अक्षरे असतात : पी. पी. याचा अर्थ फोन यजमानांचा नाही, शेजाऱ्याचा आहे. निरोप दिलात तर पोहोचेल. जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर, मालवणी इथल्या चाळींत आणि वस्त्यांत तेव्हा फोन असलेले घर शोधावे लागे. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. कोकणातून येऊन उपनगरांत स्थिरावलेल्या आमच्या बहुतेक घरांतला कोणी ना कोणी आखातात कमावत असे. कुवेतहून किंवा दुबईहून त्याचा फोन आला की शेजारचे पोर धावत येई आणि घरातली सगळी माणसे शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात जमत. एरवी पत्रे चालत, नाहीतर कॅसेट. टेपरेकॉर्डरसमोर बसून दादीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांचा आवाज भरायचा आणि आखातात जाणाऱ्या माणसाच्या सामानात ती कॅसेट द्यायची.

तेव्हाही आमचे बोलणे खाजगी नव्हते. शेजारी ऐकत असे, ट्रंक कॉल जोडणारा ऑपरेटर ऐकू शकत असे. पण शेजारी विसरत असे. कोणी कोणाशी, कुठे उभे राहून, किती मिनिटे बोलले याची वही तो ठेवत नव्हता. आज ती वही ठेवली जाते. ती आमच्याविषयी असते, पण आमच्या हाती नसते. ती कोणाच्या हाती गेली आणि त्यातून आमच्या माणसांवर काय ओढवले, हा इतिहास आमच्या समाजाने नीट समजून घेतला पाहिजे असे आम्हाला वाटते.

या इतिहासाचे मूळ इंग्रजी राजवटीत आहे. १८५७च्या उठावात तारायंत्राने इंग्रजांना मोठी मदत केली. तार ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती राज्य, हा धडा ते विसरले नाहीत. १८८५चा तार कायदा त्यातूनच आला. त्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. टेलिफोनही पुढे याच कायद्याखाली आला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द झाले. १९४२मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला, तो एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत. नोव्हेंबरात पोलिसांनी त्यांना पकडले. स्वातंत्र्य आले, राज्यकर्ते बदलले, पण १८८५चा कायदा तसाच राहिला. नुसता रेडिओ ऐकण्यासाठीसुद्धा पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, आणि हे १९८०च्या दशकापर्यंत चालले. यंत्र घरात असले तरी ते वापरण्याची मुभा सरकारची, ही सवय आम्हाला तेव्हापासूनची आहे.

१९९५मध्ये मुंबईत मोबाईल आला. सुरुवातीला तो श्रीमंतांचा होता. येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. पुढे दर कोसळले आणि दहा वर्षांत रिक्षावाल्यापासून बांगड्या विकणाऱ्या बाईपर्यंत सर्वांच्या हाती तो आला. पी. पी. नंबराची लाचारी संपली याचा आनंद मोठा होता आणि खराही होता. पण त्याबरोबर एक गोष्ट घडली, ती आमच्या लक्षात आली नाही. मोबाईलला बोलण्यासाठी जवळच्या टॉवरशी जोडून घ्यावे लागते. त्यामुळे कोणत्या नंबरावरून कोणत्या नंबराला, किती वाजता, किती वेळ कॉल झाला, कोणत्या हँडसेटवरून झाला आणि तो हँडसेट तेव्हा कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता, हे सर्व कंपनीच्या संगणकात आपोआप नोंदले जाते. याला कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे सीडीआर म्हणतात. त्यात बोलणे नसते. पण माणूस कुठे होता ते असते. ही नोंद किमान एक वर्ष ठेवण्याचे बंधन सरकारने परवान्यातच घातले होते. २०२१च्या डिसेंबरात ते दोन वर्षांवर नेले. नोंद ठेवते खाजगी कंपनी, ती मागवते सरकार, आणि ज्याची नोंद त्याला कोणी विचारत नाही.

फोन चोरून ऐकण्यावर मर्यादा घालण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये केला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितले की फोनवरचे बोलणे हा खाजगी आयुष्याचा भाग आहे आणि ते ऐकायचे तर गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश आणि नंतर त्याची समितीकडून तपासणी हवी. पण १९९९मध्ये महाराष्ट्राने मोक्का कायदा केला आणि ऐकलेले बोलणे पुरावा म्हणून वापरण्याची सोय त्यात केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कलमे रद्द केली. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. टोळ्यांच्या खंडण्यांनी मुंबई तेव्हा त्रस्त होती, हे आम्ही विसरत नाही. पण त्याच कायद्याखाली पुढे जो खटला चालला, त्याने या साऱ्या इतिहासाचा खरा अर्थ आम्हाला दाखवला.

११ जुलै २००६. संध्याकाळी गर्दीच्या वेळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८९ माणसे मेली, आठशेच्या वर जखमी झाली. त्या संध्याकाळी आम्हीही फोन लावत होतो आणि तो लागत नव्हता. एकाच वेळी साऱ्या शहराने नंबर फिरवल्याने मोबाईलचे जाळे कोलमडले होते. रुळांकाठच्या वस्त्यांतल्या लोकांनी घरातल्या चादरी काढून जखमींना उचलले. त्या लोकांत आमचेही होते, आणि मेलेल्यांतही होते.

त्यानंतर तेरा जणांवर मोक्काखाली खटला चालला. सारे मुसलमान. २०१५च्या सप्टेंबरात विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले : पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. अब्दुल वाहिद शेख हे शिक्षक तेवढे निर्दोष सुटले. नऊ वर्षे तुरुंगात काढल्यावर.

खटल्याच्या कागदांत फोनचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. हे लोक कटाच्या काळात कुठे होते, एकमेकांशी बोलत होते की नव्हते, याचे उत्तर कोणत्याही साक्षीदारापेक्षा सीडीआर अधिक चोख देऊ शकत होता. तपासाच्या सुरुवातीला कोठडी मागताना पोलिसांनी फोनच्या नोंदींचा आधारही घेतला होता. पण खटला उभा राहिला तेव्हा सरकार पक्षाने त्या नोंदी न्यायालयापुढे ठेवल्या नाहीत. मग आरोपीच म्हणू लागले की त्या आणा. थोडा विचार केला तर यातला उलटेपणा ध्यानात येतो. ज्या नोंदीला माणूस एरवी घाबरतो, तीच नोंद आरोपी मागत होते आणि सरकार देत नव्हते. मोबाईल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावण्यासाठी त्यांना २०१२मध्ये उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्यांच्यातल्या एकाने तुरुंगात बसून माहितीच्या अधिकाराखाली अर्जामागून अर्ज केले. २००५च्या ज्या कायद्याकडे आम्ही बाहेरची माणसे रेशनकार्ड आणि रस्त्यांपुरते पाहत होतो, तो फाशीच्या कोठडीतून वापरला गेला.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक २०२१मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडने मरण पावला होता. त्याची सुटका कागदावरच झाली. कबुलीजबाब छळ करून घेतलेले आणि एकमेकांची नक्कल वाटावेत असे आहेत, ओळखपरेड विश्वासार्ह नाही, हे निकालात आहेच. त्याशिवाय कॉलच्या नोंदी रोखून धरल्या गेल्या आणि पुढे नष्ट झाल्या, याबद्दलही न्यायालयाने ताशेरे ओढले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितले नाही. सरकारचे अपील आहे आणि त्याचे काय व्हायचे ते होईल. आम्ही फक्त एवढे म्हणतो की एकोणीस वर्षांत जी नोंद दोन्ही बाजूंना सत्यापर्यंत नेऊ शकली असती, ती उरली नाही. यात आरोपींचे नुकसान झाले तसे त्या १८९ घरांचेही झाले. बोरिवलीच्या, भाईंदरच्या ज्या घरात माणूस परत आला नाही, त्या घरालाही अजून उत्तर मिळालेले नाही.

दरम्यान फोनवरचे नियंत्रण वाढतच होते. २००९च्या डिसेंबरपासून ज्या हँडसेटला आयएमईआय हा ओळख क्रमांक नाही त्यांची सेवा बंद झाली. स्वस्त चिनी फोन वापरणारे फेरीवाले आणि नाक्यावरचे मजूर दुकानांत पैसे देऊन तो क्रमांक भरून घेऊ लागले. २०१०च्या सप्टेंबरात अयोध्येच्या निकालाआधी घाऊक एसएमएसवर बंदी आली. २०१२च्या ऑगस्टमध्ये आसाम आणि म्यानमारच्या नावाने खोटी छायाचित्रे फिरली, आझाद मैदानावर दंगल झाली, दोन जीव गेले, पुणे आणि बंगळुरूतून ईशान्येची मुले घाबरून गावी निघाली. सरकारने मोठ्या प्रमाणावर एसएमएस बंद केले. दिवसाला पाचाची मर्यादा आली. त्याच दिवसांत ईद होती. कोणत्या पाच जणांना मुबारकबाद द्यायची हा प्रश्न आम्ही हसत एकमेकांना विचारला. अफवा खऱ्याच घातक होत्या आणि त्या पसरवणाऱ्यांत आमचीही पोरे होती, हे आम्ही लपवणार नाही. पण पोरांना समजावण्यापेक्षा सर्वांचे तोंड बंद करणे सोपे असते. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्याच पश्चिम रेल्वेवर, विरारच्या पुढे, पालघरला एका मुलीने बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी शहर का बंद ठेवावे असे फेसबुकवर लिहिले. मैत्रिणीने त्याला पसंती दिली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या ६६-अ कलमाखाली हे घडले ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्या एका ओळीची किंमत मात्र त्या दोन घरांनी दोन वर्षांहून अधिक काळ आधीच भरली होती.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदांतून कळले की अमेरिकेत व्हेरायझन ही कंपनी आपल्या ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी गुप्त आदेशाने सरकारला रोज देत होती. तिथे आरडाओरड झाली आणि २०१५मध्ये कायदा बदलला. आपल्याकडे २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०१८मध्ये मोबाईल आधारला जोडण्याची सक्ती रद्द केली. तोपर्यंत दुकानांत रांगा लावून आम्ही अंगठे देऊन बसलो होतो. १८८५च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला. पण संदेश अडवण्याचा अधिकार नव्या घरात तसाच राहायला आला आणि ग्राहकाच्या बायोमेट्रिक ओळखीची तरतूदही त्यात आली. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय ठेवली आणि माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात असा बदल केला की वैयक्तिक माहिती आहे असे सांगून नकार देणे अधिकाऱ्याला सोपे झाले. २०२५च्या नोव्हेंबरअखेर सरकारने नव्या प्रत्येक फोनमध्ये संचार साथी हे अॅप आधीच घालून देण्याचा आदेश कंपन्यांना दिला. लोक बोलले, आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घ्यावी लागली. बोलण्याचा उपयोग होतो याचे हे अगदी ताजे उदाहरण आहे.

आमच्या समाजात या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. काहीजण म्हणतात, आपण काही वाईट केले नाही तर भ्यायचे कशाला? काहीजण म्हणतात, आपले सगळे ऐकले जाते, गप्प राहा. रेल्वे स्फोटांचा खटला या दोघांनाही उत्तर देतो. नोंद असणे हा धोका होताच. पण खरा घात नोंद एकाच बाजूच्या हातात असल्याने झाला. म्हणून फोन टाकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही म्हणतो, आमच्याविरुद्ध जी नोंद वापरता येते ती आम्हालाही मागता आली पाहिजे, वेळेत मिळाली पाहिजे, आणि खटला संपेपर्यंत ती कोणाला नष्ट करता येऊ नये. हे मागणे मुसलमानांपुरते नाही. उद्या कोणत्याही वस्तीतल्या कोणत्याही पोराला त्याची गरज पडेल.

आणि एक काम आमचे आम्हीच करू शकतो. आखातातल्या त्या कॅसेटी, पी. पी. नंबराच्या पत्रिका, अटक झालेल्यांच्या घरी आलेली पत्रे, माहितीच्या अर्जांच्या पोचपावत्या हे सारे रद्दीत जाऊ देऊ नये. त्यांच्या प्रती कराव्यात, तारखा लिहाव्यात, मराठीत त्यांची हकीकत लिहावी. न्यायालयात ती टिकेल न टिकेल. पण आमच्याविषयीची निदान एक वही तरी आमच्या घरात राहील.