निदानापूर्वीची शाळा

मूल अडीच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली असता वळून पाहत नाही, बरोबरीची मुले अंगणात धावत असता भिंतीस धरून उभे राहते, हे बहुधा आईच्या ध्यानात प्रथम येते. आणि तेथपासून, कोणी तज्ज्ञ त्या उणिवेस नाव देईपर्यंत, जो काळ लोटतो तो त्या घरास फार जड जातो. ‘बापही उशिराच बोलला होता’ असा वडीलधाऱ्यांचा दिलासा मिळतो, दृष्ट काढली जाते, नवस बोलले जातात, आणि हल्लीच्या दिवसांत मोठ्या रुग्णालयातील तपासणीच्या तारखेची प्रतीक्षा केली जाते. ही प्रतीक्षा पुष्कळदा अटळ असते; परंतु त्या मुदतीत मुलास नुसते बसवून ठेवणे मुळीच अटळ नाही, असे ज्यांनी स्वतःच्या कृतीने दाखविले त्यांची परंपरा शोधू गेल्यास ती पॅरिसमध्ये सुरू होऊन रोममार्गे आपल्या डहाणू तालुक्यापर्यंत येऊन पोहोचते.

1800 साली फ्रान्सच्या दक्षिणेकडील आव्हेरों प्रांतातील रानात सापडलेला एक मुका मुलगा पॅरिस येथे आणण्यात आला. मनोविकारांच्या चिकित्सेत त्या काळी ज्याचा शब्द प्रमाण मानला जाई त्या फिलिप पिनेलने त्यास तपासून, हा मुलगा मुळातच बुद्धिहीन असून त्याच्या सुधारणेची आशा नाही, असा अभिप्राय दिला. एवढ्यावर ते प्रकरण दप्तरी दाखल व्हावयाचे. पण मूकबधिरांच्या संस्थेतील ज्याँ इतार या तरुण वैद्याने तो फैसला मान्य न करता, व्हिक्टर असे नाव मिळालेल्या त्या मुलास ऊन-थंड, खरखरीत-गुळगुळीत, अक्षर आणि वस्तू यांचे भेद शिकविण्यात सुमारे पाच वर्षे वेचली. व्हिक्टर बोलू लागला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि तो काही लिखित शब्द ओळखू लागला, आणि त्याचा सांभाळ करणाऱ्या बाईवर त्याची माया जडली. पिनेलचा अभिप्राय कदाचित सर्वथा चूक नसेलही. परंतु त्या अभिप्रायावर विसंबून इतार स्वस्थ बसता तर ही अल्पशी प्राप्तीही त्या मुलाच्या वाट्यास आली नसती, आणि माझ्या मते इतारची थोरवी नेमकी येथे आहे.

इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने या प्रयत्नांतून मतिमंद मुलांच्या शिक्षणाची एक पद्धत रचली, आणि रोम येथील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी त्या दोघांचे ग्रंथ स्वहस्ते इतालियनमध्ये उतरवून काढले. मागे पडलेल्या मुलांसाठी उपयोगी पडलेली साधने माँटेसरीबाईंनी 1907 साली सान लोरेंझो या गरीब वस्तीतील बालगृहात सर्वच मुलांच्या हाती दिली. आज ज्या खेळण्यांना आपण सर्वसाधारण बालशिक्षणाची म्हणून ओळखतो, त्यांचे मूळ अशा रीतीने ‘यास काही येणार नाही’ म्हणून बाजूस सारलेल्या मुलांच्या शिक्षणात आहे.

याच सुमारास मापनाची दुसरी वाट निघाली. फ्रेंच सरकारच्या समितीवर काम करीत असता आल्फ्रेड बिने याने 1905 साली बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, पुढे व्ही. व्ही. कामत यांनी तिचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले आणि ते आपल्याकडील दवाखान्यांत दीर्घकाळ वापरात राहिले. विशेष साहाय्याची गरज असलेली मुले ओळखता यावीत हा बिनेचा हेतू होता, आणि बुद्धी कायमची ठरलेली असते या मताचा त्याने निषेधच केला होता. पुढे कसोटीचा आकडा कित्येक ठिकाणी दार लावून घेण्याच्या कामी आला, हे मापनाचे दुर्दैव होय.

माँटेसरीबाईंची वाट आपल्याकडे पुढे चालविणाऱ्या ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या समवेत माँटेसरी-पद्धतीचे काम केले होते. 1945 साली त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गावातील बालवाडीत आदिवासी व दलित वस्त्यांतील मुले येत नाहीत असे दिसताच या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली; हीच अंगणवाडी. परदेशी महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने हाती दिली. आणि 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरू लागल्या. त्या अंगणात बसावयास कोणत्याही तपासणीचा दाखला लागत नसे. मूल ज्या पायरीवर असेल तेथून आरंभ करावयाचा आणि त्याच्याकडे रोज निरखून पाहावयाचे, हीच तेथील रीत.

1975 च्या 2 ऑक्टोबरला केंद्र सरकारने 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले. पुढे 6 फेब्रुवारी 2013 रोजी, त्याच परिसरातील पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. त्या योजनेप्रमाणे वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन बालके तपासावयाची, आणि ज्याच्या विकासाविषयी शंका येईल त्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचे, अशी तजवीज आहे.

म्हणून ज्या आईबापांच्या मनात आज अशी शंका आहे त्यांना माझी विनंती आहे: तपासणीची तारीख अवश्य घ्या, कानांची परीक्षा आधी करवून घ्या, पण त्या तारखेपर्यंत मुलास घरात बसवू नका. त्यास रोज अंगणवाडीत न्या, त्याच्यासमोर बसून हातातील वस्तूचे नाव सांगा, आणि जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांपुढे जाल तेव्हा ती वही बरोबर असू द्या.