टेलविंडच्या कॉन्फिग फाइलची कुळकथा

२०१७ च्या अखेरीस ज्यांनी टेलविंड हे सीएसएस फ्रेमवर्क पहिल्यांदा वापरलं, त्यांची गाठ सुरुवातीलाच एका लांबलचक फाइलीशी पडली. टर्मिनलवर 'टेलविंड इनिट' ही कमांड दिली की प्रोजेक्टच्या फोल्डरात 'टेलविंड डॉट जेएस' तयार व्हायची. शेकडो ओळींच्या त्या फाइलीत सगळे रंग, फॉन्ट, अक्षरांचे आकार, पॅडिंगची मापं, सावल्या आणि ब्रेकपॉइंट ओळीनं मांडलेले असायचे. प्रत्येक विभागाच्या डोक्यावर तो कशासाठी आहे हे सांगणारी टीप असायची. यातलं काहीही बदलायची मुभा होती. राखाडी रंग जरा उबदार हवा असेल तर त्याचा कोड बदलायचा, पुढच्या बिल्डमध्ये नव्या रंगाचे क्लास तयार.

टेलविंडवर वाद पेटला तो एचटीएमएलमध्ये क्लासची रांग लागते म्हणून. पण एका कामापुरते छोटे क्लास टेलविंडनं शोधलेले नाहीत. त्याचं खरं नवेपण या फाइलीत होतं. हे कळायला थेट सीएसएसच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

होकोन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्न या संशोधन संस्थेत असताना, सीएसएसचा प्रस्ताव मांडला. डिसेंबर १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रमाण ठरली. मजकूर एका जागी आणि त्याचं रूप दुसऱ्या जागी, ही त्यामागची कल्पना. २००३ मध्ये डेव्ह शे यांच्या 'सीएसएस झेन गार्डन'नं ती डोळ्यांना दाखवली: एचटीएमएल तेच, फक्त स्टाइलशीट बदलायची, की पान ओळखूही येत नसे. ही शिस्त एका अख्ख्या पिढीच्या अंगात भिनली. क्लासच्या नावात मजकुराचा अर्थ यावा, रंग किंवा माप येऊ नये, हा जणू दंडकच झाला.

मोठ्या साइटवर मात्र हा दंडक महाग पडू लागला. जुना नियम पुसला तर कुठलं पान मोडेल याचा भरवसा नाही, म्हणून कोणी काही पुसत नसे आणि स्टाइलशीट फुगत जाई. २०१२ मध्ये निकोलस गॅलघर यांनी एचटीएमएलमधल्या क्लासच्या नावांबद्दलचे रूढ समज तपासून पाहिले. याहूमध्ये काम करणाऱ्या थिएरी कोब्लेंट्झ यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये 'स्मॅशिंग मॅगझिन'मध्ये त्याहून पुढची भूमिका घेतली: एक क्लास, एक गुणधर्म. पाठोपाठ २०१४ मध्ये ॲडम मोर्स यांचं टॅकिऑन्स आलं. त्यात 'पीए३' म्हणजे चारही बाजूंनी तिसऱ्या पायरीचं पॅडिंग. पायऱ्या ठरलेल्या होत्या, पाव रेमपासून दुपटीनं वाढत जाणाऱ्या. आपली मापं वेगळी असतील तर फ्रेमवर्कच्या मूळ फाइलींनाच हात घालावा लागे.

कॅनडातले ॲडम वॉदन स्वतःच्या प्रोजेक्टसाठी लेस या प्रीप्रोसेसरमध्ये असेच क्लास लिहीत होते आणि दर नव्या कामात तीच फाइल सोबत नेत होते. काइटटेल नावाचं एक ॲप ते थेट प्रक्षेपणात बांधत होते. बघणारे ॲपबद्दल कमी आणि त्या सीएसएसबद्दल जास्त विचारू लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी या पद्धतीच्या समर्थनार्थ सविस्तर निबंध लिहिला. त्यानंतर काही महिन्यांतच जोनाथन रायनिंक, डेव्हिड हेमफिल आणि स्टीव्ह शोगर यांच्यासोबत त्यांनी टेलविंड लोकांसमोर आणलं.

टेलविंडसाठी लेस मागे सोडून पोस्टसीएसएस हे साधन घेतल्यानं सगळा नूर बदलला. पोस्टसीएसएस जावास्क्रिप्टवर चालतं, म्हणून कॉन्फिगही जावास्क्रिप्टचा साधा ऑब्जेक्ट होऊ शकला. रंगांची यादी एकदाच लिहायची. पार्श्वभूमीचे, अक्षरांचे आणि किनारीचे क्लास त्याच यादीतून निघतात. डिझायनरनं ठरवलेली मापं आणि प्रोग्रामरच्या हातातले क्लास एका जागी बांधले गेले. फ्रेमवर्क तुम्हाला तयार बटण देत नाही, मापपट्टी देतं आणि ती तुमच्या नावावर करून देतं. या कुळकथेतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच.

त्या पहिल्या फाइलीत दोषही होते. 'डार्केस्ट'पासून 'लाइटेस्ट'पर्यंत रंगाच्या सात छटा नावानं ठरलेल्या, त्यामुळे दोन छटांच्या मधली एखादी हवी असेल तर तिला नाव काय द्यायचं हा प्रश्न पडे. शिवाय सगळी यादी आपल्याकडे उतरवून घेतलेली, त्यामुळे टेलविंडनं मूळ यादी सुधारली तरी ती आपोआप पोहोचत नसे. १३ मे २०१९ ला आलेल्या १.० आवृत्तीनं दोन्ही दुखणी काढली. छटांना १०० ते ९०० असे आकडे मिळाले. फाइलीचं नाव 'टेलविंड डॉट कॉन्फिग डॉट जेएस' झालं आणि तिच्यात फक्त आपला फरक लिहायचा असं ठरलं. नवशिके अजूनही ठेचकाळतात ती जागा इथलीच: 'थीम'खाली थेट 'कलर्स' लिहून त्यात आपला एकच रंग दिला की बाकीचे सगळे रंग नाहीसे होतात. तोच रंग 'एक्स्टेंड'च्या आत लिहिला तर मूळ यादी शाबूत राहून त्यात भर पडते.

पुढची अडचण आकाराची होती. कॉन्फिगमधल्या प्रत्येक किमतीचे सगळे क्लास आधीच तयार करायचे म्हणजे काही मेगाबाइटची फाइल. २०२० मध्ये न वापरलेले क्लास छाटणारा 'पर्ज' हा पर्याय आत आला. २०२१ मध्ये उलटा मार्ग सापडला: जो क्लास कोडमध्ये दिसेल तेवढाच तयार करायचा. डिसेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीत तोच नियम झाला आणि 'पर्ज'च्या जागी 'कंटेंट' आलं. टेलविंड आपल्या फाइली निव्वळ मजकूर म्हणून वाचतं, कोड चालवून बघत नाही. म्हणून 'टेक्स्ट-' आणि '-६००' यांच्यामध्ये रंगाचं नाव जोडून क्लास बनवला तर तो त्याला दिसतच नाही. पूर्ण नाव कुठेतरी सलग लिहिलेलं असावं लागतं.

जानेवारी २०२५ च्या ४.० मध्ये जावास्क्रिप्टची फाइल लागेनाशी झाली. कॉन्फिग आता सीएसएसमध्येच '@थीम' या विभागात लिहितात आणि प्रत्येक किंमत ब्राउझरला कळणारा सीएसएस व्हेरिएबल असते. पॅडिंगची लांब यादीही गेली. '--स्पेसिंग' हे पाव रेमचं एकच माप उरलं, 'पी-४' म्हणजे त्याच्या चौपट. जुन्या प्रोजेक्टना '@कॉन्फिग' लिहून आधीची फाइल जोडता येते.

मराठी साइट बांधणाऱ्यांना या कॉन्फिगची गरज इतरांहून जास्त आहे, कारण मूळ मापं रोमन अक्षरांच्या बेतानं ठरली आहेत. 'टेक्स्ट-५एक्सएल' आणि त्याहून मोठ्या अक्षरांना ओळीची उंची १ दिलेली असते. 'मुख्यमंत्री' किंवा 'दुष्काळ' असलेलं मथळ्याचं वाक्य दोन ओळींवर गेलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. अक्षरांमधलं अंतर वाढवणारं 'ट्रॅकिंग-वाइड' लावलं तर शिरोरेषाच तुटते. इलाज '@थीम'मध्ये आहे. '--फॉन्ट-सॅन्स'ला मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा फॉन्ट द्यायचा, '--टेक्स्ट-५एक्सएल--लाइन-हाइट' १.४ च्या आसपास न्यायची आणि त्यापुढच्या आकारांनाही तेच करायचं. कोणी घाईत ओळी जवळ आणणारा 'लीडिंग-टाइट' लावला तर ही दुरुस्ती वाया जाते, म्हणून '--लीडिंग-टाइट'ला 'इनिशियल' ही किंमत देऊन तो क्लासच यादीतून काढून टाकावा. '--ट्रॅकिंग-*'ला तीच किंमत दिली की शिरोरेषा तोडणारी सगळी मापं एका ओळीत जातात.