विन्याची आई

आपल्या श्रीगोंद्यास वेगळ्या वाटेचा माणूस परका नाही. मुसलमान कुळात जन्मून मराठी ओवीत ‘योगसंग्राम’ सांगणारे शेख महंमद महाराज सतराव्या शतकात येथेच राहिले, आणि येथेच त्यांची समाधी आहे. परंतु असे मूल घरात निपजले म्हणजे आईबापांच्या जिवाची काय उलघाल होते, हे संतचरित्रांतून थोडेच कळते. आचार्य विनोबा भावे यांच्या घरचे मात्र पुष्कळ कळते. कारण आपल्या आईविषयी ते जन्मभर भरभरून बोलत आले. तीच हकीकत मंडळाच्या भगिनींपुढे ठेवीत आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास. शिस्तीचे गृहस्थ, रसायनशास्त्राची गोडी, कापड रंगविण्याचे प्रयोग चालत. मुलाने नव्या काळची विद्या शिकून नाव काढावे म्हणून त्यांनी त्यास शाळेत फ्रेंच घ्यावयास लावले. मुलगा गणितात तल्लख खरा, पण पायांत वहाण नाही, निजावयास गादी नाही आणि हिंडण्याचे भारी वेड! लहानपणी त्याने वडिलांचा मार बराच खाल्ला. सोळावे वर्ष लागले तसा वडिलांनी हात आवरला. सोळा वर्षांच्या पुत्रास मित्रासारखे वागवावे, हे शास्त्रवचन त्यांनी अक्षरशः पाळले.

आई रुक्मिणीबाई. तिला अपेक्षा नव्हत्या असे नव्हे. मुलगा फ्रेंच शिकतो हे ऐकून, ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत शिकू नये काय, असे तिने विचारले होते. तो त्या काळचा, त्या घरचा विचार. पण तिची सांगण्याची तऱ्हा निराळी होती. बहिणीच्या लग्नात लग्नाचे जेवण जेवावयाचे नाही, असा विन्याने हट्ट धरला. ऐन लग्नघाईत दुसरी एखादी आई काय बोलली असती ते आपणा सर्वांस ठाऊक आहे! हिने मुकाट्याने त्याच्यापुरता वेगळा स्वयंपाक केला. वाढताना मात्र हळूच म्हणाली, पक्वान्न नको हे समजले, पण लग्नाच्या चुलीवरच्या साध्या वरणभाताने तुझे काय बिघडणार? मुलास ते पटले, आणि पुढे वेगळी चूल लागली नाही.

एके दिवशी तो चुलीपाशी बसून कागद जाळू लागला. पाहते तो शाळेची प्रशस्तिपत्रके! नको असली तरी राहू देण्यात काय नुकसान होते, एवढेच तिने विचारले. पुन्हा त्यांची गरजच पडणार नाही, असे उत्तर मिळाले.

पुढे २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा मुलगा सुरतेसच उतरला व काशीस गेला. घरी पत्र आले. चार दिवसांनी येईल परत, असे शेजारपाजारचे समजावीत. आईस मात्र माहीत होते की विन्या बोलला तसे करणार. त्याच वर्षी तो गांधीजींच्या आश्रमात पोचला. जे वैराग्य मिळविण्यास मला कित्येक वर्षे लागली ते आपल्या मुलाने कोवळ्या वयात मिळविले आहे, अशा आशयाचे पत्र गांधीजींनी वडिलांस लिहिले. पाठोपाठ बाळकोबा व शिवाजी हे धाकटे भाऊही त्याच वाटेने गेले. तिघेही अविवाहित राहिले. मुलगी शांता हिचे मात्र रीतीप्रमाणे लग्न झाले. वेगळेपणाची सवलत त्या काळी मुलगेच घेऊ शकत, हेही बायकांच्या मंडळात बोलले पाहिजे.

तरी या आईची एक अपेक्षा मुलाने पुरी केली. बडोद्यास ती गीतेच्या प्रवचनास जाई, संस्कृत समजेना. मराठी गीता आणून दे म्हणाली. विन्याने गद्य आणले, तिला पद्य हवे होते. वामन पंडितांची समश्लोकी आणली, ती कठीण वाटली. सोपी मिळत नाही असे ऐकून ती सहज बोलून गेली, मग तूच का लिहीत नाहीस? परीक्षेचा ध्यास तिने कधी लावला नाही. पण मुलाच्या अंगी काय आहे हे ओळखून मागणे मागितले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ती गेली, धाकटा दत्तात्रेयही गेला. १९३०–३१ साली विनोबांनी मराठी गीता लिहिली आणि तिचे नाव ठेवले ‘गीताई’.

आणि वडील? पत्नी गेली, मुले आश्रमात. बडोद्याच्या घरात ते एकटेच आपल्या रंगांच्या प्रयोगांत राहिले. १९४७ साली धुळ्यास, शिवाजीपाशी, त्यांचा अंत झाला.