परमिट रूम : एका पाटीचा इतिहास

नाशिकच्या हॉटेलांवरची ‘परमिट रूम’ ही पाटी १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याची खूण. विकणाऱ्याला परवाना हवाच, क्लबलाही सूट नाही. पण पिणाऱ्यालाही स्वतःचा परवाना हवा. असे परवानाधारक बसतील ती परमिट रूम. १९५१मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे रद्द केली, गाभा राखला. पुढे बंदी सैल झाली, पिणाऱ्याचा परवाना मात्र कागदावर राहिला. तो आज विचारतो कोण? तरी विनापरवाना पिणारा कायद्याच्या लेखी गुन्हेगारच. २००१च्या धोरणाने द्राक्षमद्याला उत्तेजन दिले, गंगापूर धरणाच्या परिसरात वायनरी वाढल्या. तिथे प्याला भरून देण्याचा परवानाही दारूबंदीच्याच कायद्याखाली निघतो.