लघुलहरी रेडिओग्राही : छंदश्रवणासाठी निवड

सुमारे ३ ते ३० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या, म्हणजे १०० ते १० मीटर लांबीच्या, रेडिओलहरींवरील दूरदेशीची प्रक्षेपणे आवडीखातर ऐकण्यासाठी वापरला जाणारा संच. या लहरी आयनांबरातून, म्हणजे उच्च वातावरणातील विद्युत्‌भारित थरांतून, वळून पुन्हा जमिनीकडे येतात आणि त्यामुळे हजारो किलोमीटरांवरचे केंद्र ऐकू येते; मात्र रात्री ४९ व ४१ मीटरचे, तर दिवसा १९ व १६ मीटरचे पट्टे अधिक साथ देतात, म्हणून मधले पट्टे न वगळता सलग लागणारा संच घेणे इष्ट.

नवा श्रोता बहुधा संवेदनक्षमता, म्हणजे क्षीण संकेत पकडण्याची शक्ती, पाहतो. पण त्याहून मोलाची असते ती निवडक्षमता, म्हणजे शेजारच्या केंद्रांच्या गर्दीतून हवे ते केंद्र वेगळे काढण्याची शक्ती, कारण या पट्ट्यांवर केंद्रे अनेकदा एकमेकांपासून केवळ ५ किलोहर्ट्‌झ अंतरावर असतात. स्वस्त काट्याच्या संचांत आलेल्या संकेताचे सामान्यतः ४५५ किलोहर्ट्‌झ या मध्यम कंप्रतेत एकदाच रूपांतर होते आणि त्यामुळे एखादे जोरदार केंद्र आपल्या जागेच्या ९१० किलोहर्ट्‌झ अलीकडेही उमटून तिथल्या दुबळ्या केंद्राला झाकून टाकते. दोन टप्प्यांत रूपांतर करणाऱ्या संचांत हा दोष बराच कमी असतो. ७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलणाऱ्या हॅम मंडळींचे, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालकांचे, संभाषण ऐकायचे असल्यास ते वापरतात त्या एकपार्श्वपट्ट (एसएसबी) पद्धतीच्या ग्रहणाची सोय हवीच, एरवी त्यांच्या बोलण्याची नुसती गुरगुर ऐकू येते. टेकसन पीएल-३३० या खिशात मावणाऱ्या संचात ती आहे.

तथापि महागडा संचही शहरी सदनिकेत निष्प्रभ ठरू शकतो, कारण एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांची खरखर नेमकी याच पट्ट्यांवर पसरते. संच सेलवर चालवणे, तो गॅलरीत किंवा गच्चीवर नेणे आणि खिडकीबाहेर काही मीटर तार सोडणे, हे उपाय नव्या खरेदीपेक्षा अनेकदा अधिक गुणकारी असतात. फार लांब तारेने मात्र छोटा संच संकेतांच्या भाराखाली गुदमरतो, आणि विजा चमकू लागताच ती तार संचापासून सोडवलीच पाहिजे.

१९५२ मध्ये रेडिओ सिलोनच्या जोरदार लघुलहरी केंद्रावर ‘बिनाका गीतमाला’ हा हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा भारतीय श्रोत्याला साधा संचही पुरे. बीबीसी हिंदीचे लघुलहरी प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले, आणि अशी जोरदार केंद्रे विरळ होत गेल्याने आज उरलेली दूरची, दुबळी केंद्रे ऐकायची तर निवडक्षमतेवर केलेला खर्चच सार्थकी लागतो.