खपली

परवा घरी खपली गहू आणला. भाव ऐकून आई म्हणाली, "अरे, हा तर आम्ही खिरीपुरता ठेवायचो. कांडता कांडता हात भरून यायचे. आणि आता हा असा महाग?"

मला मात्र पिशवीवरचं नाव वाचून तांबेरा आठवला.

शेतीशी संबंध असलेल्यांना तांबेरा म्हणजे काय ते सांगायला नको. गव्हाच्या पानांवर, खोडावर गंजासारखी पूड दिसते. ही बुरशी वाऱ्याबरोबर शेकडो मैल जाते आणि दाणा भरूच देत नाही. १९०५ साली केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी दाखवलं की पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण मेंडेलच्या वाटाण्यांसारखाच ठरावीक हिशोबाने पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे तो हवा तसा संकरातून आणता येईल!

पण बुरशीही एकच नव्हती. अमेरिकेत मिनेसोटाच्या स्टॅकमन यांनी खोडावरच्या तांबेऱ्याचे अनेक वंश वेगळे केले. ते ओळखायला त्यांनी १२ गव्हांचा संच वापरला, कुठला गहू कुठल्या वंशाला बळी पडतो ते बघायला. त्या संचात मार्क्विस, कोटा, कुबांका आणि... खपली! आपल्या खिरीतली.

पुढे सिडनीत वॉटरहाऊस यांनी खपलीचा स्टाइनवेडेल नावाच्या तिकडच्या गव्हाशी संकर केला. खपलीची गुणसूत्रं २८, पोळीच्या गव्हाची ४२, त्यामुळे काम सोपं नव्हतं. त्यातून खॅपस्टाइन हे वाण आलं. खपलीचा हा गुण शोधता शोधता एसआर १३ आणि एसआर १४ अशी जनुकं हाती लागली. एसआर १३ ची जागा ६ए या गुणसूत्रावर निघाली आणि २०१७ मध्ये नेमकं जनुकच ओळखलं गेलं.

याचं मोल १९९९ नंतर कळलं. युगांडातून आलेल्या यूजी ९९ या वंशाने एसआर ३१ निकामी केलं. जगातली कितीतरी वाणं त्याच्याच भरवशावर होती. एसआर १३ मात्र यूजी ९९ पुढे टिकलं. तेही कायमचं कवच नाही म्हणा, त्यालाही चकवणारे वंश आहेत. म्हणून तर एकाच वाणात अनेक जनुकं एकत्र आणायची धडपड चालते.

त्यासाठी जुनं बी कुठेतरी शिल्लक असावं लागतं. जनुकाला नंबर मिळाला, कमी उतारा सोसून बी राखणाऱ्यांची नोंद कोण ठेवतं?

असो. आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गूळ संपलाय, तेवढा आण."