फुलीच्या टाक्यातील दोऱ्याचा व्यय

प्रथम संज्ञा निश्चित करू. सहापदरी सुती दोऱ्याच्या विक्रीच्या एककास ‘लड’, तिच्यातील प्रत्येक सुट्या धाग्यास ‘पदर’ आणि सुईत एका वेळी ओवलेल्या तुकड्यास ‘ओवणी’ म्हणू. डी.एम.सी. किंवा अँकरची लड ८ मीटरची असते; तिच्यात एकेरी पदर ४८ मीटर भरतो.

व्यय त्रिविध आहे: (१) फुलीत जाणारा, (२) ओवणीच्या टोकांशी जाणारा, (३) अव्यवस्थेमुळे नष्ट होणारा. पहिला आवश्यक, दुसरा नियमनक्षम, तिसरा परिहार्य.

पहिल्याचे मान भूमितीने ठरते. इंचात १४ घरे असलेल्या आयडा कापडावर घराची बाजू १.८१ मिलिमीटर, कर्ण २.५७ मिलिमीटर. ओळीतील सर्व अर्धे टाके आधी घालून परतताना फुल्या पूर्ण केल्यास सुलट बाजूस दोन कर्ण, उलट बाजूस दोन उभ्या बाजू, एकूण ८.७६ मिलिमीटर दोरा लागतो. प्रत्येक फुली जागीच पुरी करत ओळीत पुढे सरकल्यास उलट बाजूस एका उभ्या बाजूऐवजी कर्ण पडतो, मान ९.५१ होते. सलग रंगाच्या भरावात म्हणून पहिली पद्धत श्रेष्ठ. विखुरलेल्या फुल्यांना हा विचार लागू नाही.

दुसरा व्यय अधिक विचारणीय आहे. दोन पदरांनी काम केल्यास लडीतून, केवळ वरील मानाने, २७४० फुल्या निघाव्यात. परंतु ४५ सेंटीमीटरच्या ओवणीत आरंभीचे टोक टाक्यांखाली दाबण्यास सुमारे ३ सेंटीमीटर आणि शेवटचे टोक अडकवण्यास, सुई फिरण्यापुरते, ७ सेंटीमीटर जातात. उरलेल्या ३५ सेंटीमीटरांत ४० फुल्या होतात. लडीत सुमारे २१००. ओवणी लांब घेतल्यास टोके घटतील, हे खरे. तथापि प्रत्येक टाक्यात उर्वरित सर्व दोरा कापडातून घासत जातो. लांब ओवणीचा शेवटचा भाग आरंभापासून घासला जाऊन त्याची चकाकी उतरते व गुंता वाढतो. म्हणून लांबीची मर्यादा मोडू नये. आरंभाचे टोकच नाहीसे करावे. ९० सेंटीमीटरचा एकच पदर दुमडून दोन्ही टोके नेढ्यात ओवावीत आणि पहिल्या टाक्यानंतर मागील फासातून सुई काढावी. लडीमागे सुमारे दीडशे फुल्यांचा दोरा वाचतो. पदर विषम संख्येने हवे असल्यास ही युक्ती चालत नाही. छटा बदलत जाणाऱ्या दोऱ्यात दुमडीमुळे एका पदराचा रंगक्रम उलटतो, म्हणून तिथेही ती वर्ज्य.

तिसऱ्या व्ययाची कारणे दोन. एक, पदर चुकीच्या रीतीने सोडवणे: सर्व पदर एकदम ओढल्यास गाठ बसते, एकेक पदर सरळ वर ओढून मग जुळवावेत. दुसरे, रंगाची ओळख हरवणे. अर्धी लड शिल्लक असूनही क्रमांक ठाऊक नसेल तर ती त्या नक्षीपुरती निरुपयोगी ठरते, आणि शिल्लक असलेलाच रंग पुन्हा विकत घेतला जातो. काळा रंग डी.एम.सी.त ३१०, अँकरमध्ये ४०३; म्हणजे नुसता आकडाही पुरेसा नाही. लडीची कागदी पट्टी काढण्यापूर्वी उत्पादकाचे नाव व क्रमांक दोन्ही बॉबिनवर लिहावेत, आणि उरलेला प्रत्येक पदर त्याच बॉबिनवर परत गुंडाळावा.